नऊ सह्यांचं पत्र

बातमी आली तेव्हा रुक्सांद्रा एका नटीच्या गालाशी झगडत होती. बिअरची जाहिरात होती. नटी उन्हात बसलेली, हातात ग्लास, आणि बिअरचा पिवळेपणा तिच्या गालावर असा चढला होता की बाई नुकतीच काविळीतून उठल्यासारखी दिसत होती. बिअर सोनेरी राहिली पाहिजे आणि गाल गुलाबी झाले पाहिजेत, एवढंच काम. पण तेवढ्यासाठी बुखारेस्टमधले लोक महिना महिना आधी रुक्सांद्राची वेळ मागून ठेवत.

तिच्यासमोर तीन गोळे होते, टेबलात अर्धे बुडालेले. डावा गोळा फिरवला की चित्रातल्या काळोखाचा रंग बदलायचा, उजव्यानं लख्ख उजेडाचा, मधल्यानं त्या दोघांमधल्या सगळ्याचा. माणसाची कातडी बहुतेक मधल्यातच सापडते. भिंती राखाडी, पडदे राखाडी, आणि रुक्सांद्राही कामावर राखाडीच कपडे घालून यायची, कारण लाल झगा घातला तर त्याची झाक पडद्यावर येते. सव्वीस वर्षं ती असे कपडे घालत होती. शेजारणींना वाटायचं, बाई कुणाचा तरी शोक पाळतेय.

दारावरचा लाल दिवा पेटलेला असताना आत यायचं नाही हा नियम स्टुडिओचे मालक पनाईतसाहेब यांनीच केलेला. त्या दिवशी ते स्वतःच दार न वाजवता आत आले.

"रुक्सांद्राबाई, फुकट झालं."

"काय फुकट झालं?"

"हे." त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं. "यातलं सॉफ्टवेअर. कंपनीनं आजच जाहीर केलंय. कुणीही उतरवून घ्या, घरच्या कम्प्युटरवर चालवा. दमडीसुद्धा नाही."

रुक्सांद्राचा हात मधल्या गोळ्यावर होता. तो तिनं काढला नाही. "आपल्याला चुकीचं कळलं असेल," ती म्हणाली, आणि नटीचा गाल पुन्हा गुलाबी करायला लागली. पण गाल आधी जांभळा झाला, मग राखेसारखा.

सात वर्षांपूर्वी हे यंत्र आलं तेव्हा लिफ्टमध्ये मावलं नव्हतं. क्रेन बोलावून, खिडकीची चौकट काढून ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. त्या किमतीत शहरात चार फ्लॅट आले असते. ते चालवणारी माणसं अख्ख्या देशात नऊ. म्हणून कुणाला सिनेमाला रंग चढवून हवा असला की या नऊजणांपैकी कुणाच्या तरी दारात यावं लागे, आणि रुक्सांद्राच्या दारात सगळ्यात आधी. ती एकोणिसाव्या वर्षी सरकारी फिल्म लॅबमध्ये लागली होती. तिथं कम्प्युटर नव्हता, गोळे नव्हते. रीळ डोळ्यांनी बघायचं आणि आकडे सांगायचे: लाल दोननं कमी, निळा एकनं जास्त. चुकलं की अख्खं रीळ वाया जायचं, आणि साहेब सगळ्यांसमोर उभं करायचे. तिचं कधी वाया गेलं नाही.

त्याच आठवड्यात देशातले सगळे नऊ कलरिस्ट, म्हणजे सिनेमाला रंग चढवणारे, एका बागेतल्या बिअरच्या टपरीवर जमले. एरवी हे लोक एकमेकांच्या लग्नालाही जात नसत. लिंडनच्या झाडांखाली लांब टेबल लावलं, कोळशावर भाजलेले मांसाचे मिच आले, मोहरीची वाटी फिरली, आणि प्रत्येकजण दुसरा आधी काय बोलतो याची वाट बघत बसला.

"काही होत नाही," एकजण म्हणाला. "पेन्सिल स्वस्त झाली म्हणून सगळे चित्रकार होतात का?"

हे वाक्य त्या आठवड्यात रुक्सांद्रानं चौथ्यांदा ऐकलं होतं. पहिल्यांदा ते तिनं स्वतःच म्हटलं होतं.

"फुकट म्हणजे अर्धवट असणार," दुसरा म्हणाला. "महत्त्वाचं सगळं काढून घेतलं असणार."

"नाही काढलेलं," टेबलाच्या टोकाला बसलेला एफ्तिमी हळूच म्हणाला. सगळ्यांच्या माना वळल्या. तो लाल झाला. "म्हणजे... मी उतरवून घेतलंय. बघायला. चित्रातला खरखरीतपणा घालवायची सोय नाही आणि अगदी मोठ्या पडद्याचं माप नाही. बाकी सगळं आहे, ताई. तीन गोळेसुद्धा आहेत, माउसनं फिरवायचे."

 मग नेलू ब्रातोसिननं टेबलावर मूठ आपटली. नेलू साठीचा, पोट सुटलेला, आवाज लॅबमधल्या भोंग्यासारखा. तो आणि रुक्सांद्रा एकाच वर्षी लॅबमध्ये लागलेले. त्यानं तिची निदान पाच गिऱ्हाइकं पळवली होती आणि तिनं त्याची सात.

"पत्र लिहायचं," नेलू म्हणाला. "सगळ्यांच्या सह्यांचं. सांगायचं, बाबांनो, तुम्ही आमच्या आयुष्याचा धंदा रस्त्यावर वाटताय. किंमत परत लावा. नाहीतर निदान ज्यानं परीक्षा दिली त्यालाच द्या."

"आणि ते वाचून ढसाढसा रडतील," रुक्सांद्रा म्हणाली.

"टपालानं पाठवलं तर वाचणारही नाहीत. हातात द्यायचं. सप्टेंबरात ॲम्स्टरडॅमला प्रदर्शन आहे, कंपनीचे सगळे मोठे लोक येतात. तू जा, रुक्सा. तुझ्या तोंडाकडे बघून माणसाला नाही म्हणवत नाही."

"माझी गिऱ्हाइकं पळवताना बरं नाही बघितलंस माझ्या तोंडाकडे."

सगळे हसले. खूप जोरात हसले, जरुरीपेक्षा जास्त. रुक्सांद्राला तेव्हाच कळलं की ही माणसं घाबरली आहेत. पत्र नेलूनं लिहिलं, एफ्तिमीच्या शिक्षिका बायकोनं इंग्रजीत केलं. सह्या करताना एकेकजण असा वाकत होता जसा दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर वाकतो. रुक्सांद्रानं शेवटची सही केली.

जुलै सरता सरता इलिंका आली. इलिंका साव्हेस्कू दिग्दर्शिका होती. तिचे चारही सिनेमे याच खोलीत, याच पडद्यासमोर रंगले होते. दोघी रात्रंदिवस शेजारी बसलेल्या. इलिंकाचं लग्न मोडलं तेही रुक्सांद्राला या खोलीतच कळलं होतं, आणि दुसऱ्या लग्नाचंही. कागदाच्या पिशवीत जर्दाळू घेऊन ती आली, पिशवी टेबलावर ठेवली, आणि कोचावर बसली नाही.

"बस की गं."

"नाही, पटकन सांगते आणि जाते. रुक्सा, पाचवा आम्ही घरी करतोय. मातेई करतोय." मातेई तिचा नवरा, कॅमेरामन. "त्यानं ते घेतलंय. फुकटातलं. रात्री जागून शिकतोय बिचारा. तुला माहितीये आमचं बजेट कसं असतं."

"मी कधी जास्त मागितलं?"

"तू नाही गं. पण खोली, यंत्र, पनाईतसाहेब..." इलिंकानं हात पसरले. "आणि खरं सांगू? घरी बसून मनासारखं करता येतं. इथं घड्याळाकडे बघत बसावं लागतं."

रुक्सांद्रानं एक जर्दाळू उचलला, फिरवून पाहिला. "तुझ्या दुसऱ्या सिनेमातली बर्फातली मारामारी आठवते? मातेईनं ती इतकी निळी आणली होती की माणसं मेलेली वाटत होती. तीन दिवस मी ती जिवंत करत बसले. तू कुणाला सांगितलं नाहीस, आणि बक्षीस मातेईला मिळालं."

इलिंकाचा चेहरा पडला. "असं बोलू नकोस."

"का? इथं दोघीच आहोत. जा, घरी जा. मनासारखं करा."

दार लागल्यावर रुक्सांद्रानं पिशवीतले सगळे जर्दाळू एकापाठोपाठ एक खाल्ले आणि संध्याकाळी पोट धरून बसली. इलिंकाला फोन करावा असं तिला दोनदा वाटलं. केला नाही.

ऑगस्टमध्ये तिची वही कोरी पडली. आधी महिना महिना थांबणारे लोक आता फोन करून विचारत, "ताई, एक सांगा ना, कातडी हिरवट येतेय, कुठला गोळा फिरवू?" पहिल्या दोघातिघांना तिनं सांगितलंही. मग एका दुपारी पनाईतसाहेब टेप घेऊन आले आणि खोलीची लांबी मोजायला लागले.

"इथं चार टेबलं बसतील," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "चार मुलं, चार कम्प्युटर. दिवसाला दहा जाहिराती निघतील. तुम्ही त्यांच्यावर देखरेख ठेवा, रुक्सांद्राबाई. तुमची खुर्ची कुठं जात नाही."

"आणि यंत्र?"

"ते आता कोण घेणार?" साहेबांचा आवाज जड झाला. वाईट माणूस नव्हता तो. "भंगारवाल्याला विचारलं मी. तो म्हणाला, खिडकी पुन्हा काढायचा खर्च तुमचा."

"मला सप्टेंबरात सुट्टी हवी," रुक्सांद्रा म्हणाली.

विमानानं गेली असती तर तीन तासांत पोचली असती, पण त्या दिवसांचं तिकीट तिला झेपणारं नव्हतं. ती फिलारेतच्या स्टँडवरून बसनं निघाली. बसमध्ये सगळी शेतावर, हरितगृहांत कामाला जाणारी माणसं. शेजारच्या सीटवर फ्लोरेया नावाची बाई होती, हाताची बोटं टोमॅटोच्या देठांनी कायमची हिरवट झालेली. तिनं नाडलाकची सरहद्द यायच्या आधीच कोबी भरलेली पोळी, प्लाचिंता, उलगडली आणि अर्धी रुक्सांद्राच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही कशाला चाललात, बाई? तुमचे हात काही कामकऱ्याचे दिसत नाहीत."

"एक पत्र द्यायचंय."

"पत्र? दोन दिवस बसून?" फ्लोरेया हसली. "प्रेमपत्र असेल तर माणूसही तसा असू दे हो."

रुक्सांद्रानं तिला सगळं सांगितलं. फ्लोरेयानं मन लावून ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे तुम्ही त्यांना म्हणणार, फुकट देऊ नका?"

"हो."

"आणि ते ऐकतील?"

 फ्लोरेयानं उरलेली प्लाचिंताही तिच्या मांडीवर ठेवली.

व्हिएन्ना मागं पडलं आणि फोन वाजला. नेलू होता.

"रुक्सा, पत्र दिलंस का?"

"अरे, अजून बसमध्ये आहे मी."

"बरं झालं. ऐक. माझं नाव खोड."

"काय?"

"शिकवणी काढतोय मी. तेच सॉफ्टवेअर शिकवायचं. चाळीस पोरांनी नावं दिलीत, चाळीस! त्यासाठी कंपनीचा दाखला लागतो, अधिकृत शिक्षक म्हणून. त्यांच्याकडं माझ्या सहीचं तक्रारीचं पत्र असलं तर देतील का ते?"

"नेलू, पत्र तू लिहिलंयस."

"म्हणून तर म्हणतो, नीट खोड. वाचता येणार नाही असं." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "रुक्सा, मी साठ वर्षांचा आहे. मला दुसरं काय येतं, सांग."

फोन त्यानं ठेवला की बोगद्यात तुटला, कळलं नाही. रुक्सांद्रानं पेन काढलं आणि नेलूच्या सहीवर आडव्या रेघा मारल्या, मग उभ्या. नेलूनं बाकीच्यांनाही सांगितलं असावं, कारण जर्मनीत शिरेपर्यंत एकेक संदेश येऊ लागला. एकानं कारण लिहिलं, एकानं माफी मागितली, एकानं नुसतं 'माझंही' एवढंच. एफ्तिमीचा संदेश सगळ्यात लांब होता आणि त्यात बायकोचं नाव तीनदा आलं होतं. कागदावर शेवटी दोन सह्या उरल्या. एक तिची. दुसरी ज्याची होती त्यानं नवा फोन नंबर कुणाला दिला नव्हता, त्याला बातमीच पोचली नसावी.

प्रदर्शनाचं सभागृह म्हणजे विमानं ठेवायच्या शेडसारखं होतं. कंपनीच्या मांडवापुढं एवढी गर्दी की दोरी लावून रांग केलेली. रुक्सांद्रा राखाडी कोट घालून, पाय सुजलेले, छातीशी पर्स धरून रांगेत उभी राहिली. पुढचे मागचे सगळे हसत होते, एकमेकांना मोबाइलवर स्वतःची कामं दाखवत होते. एकानं तिलाही दाखवलं. लग्नाचा व्हिडिओ होता, नवरीचा झगा निळसर आलेला. "छान," ती म्हणाली.

दीड तासानं ती एका उंच, वाकलेल्या, पांढऱ्या भुवयांच्या माणसासमोर आली. गळ्यातल्या पाटीवर नाव होतं, ग्रॅहम. हा मोठ्यांपैकी आहे हे तिला कळत होतं, कारण बाकीचे त्याला विचारून हलत होते. बसमध्ये दोन दिवस घोकलेलं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"तुम्ही आमचं वापरता का?" त्यानं विचारलं.

"सात वर्षं. मोठं यंत्र. बुखारेस्टला."

"सात वर्षं!" त्याचे डोळे चमकले. "मग बसा ना इथं. आमचा माणूस नाश्त्याला गेलाय. लोक खोळंबलेत. पाच मिनिटं, फक्त एक चित्र करून दाखवा."

तिला नाही म्हणायचं होतं. पण समोर टेबलात बुडालेले तीन गोळे होते, आणि महिनाभर तिच्या हातांना गोळा लागला नव्हता. ती बसली.

पडद्यावर खिडकीशी बसलेली एक म्हातारी होती. चेहरा काळोखात, खिडकी जळून पांढरी झालेली. मुद्दाम वाईट चित्र निवडलेलं. रुक्सांद्रानं आधी काळोख उचलला, थोडासाच, नाहीतर तो धुरकट होतो. मग मधल्या गोळ्यानं कातडी शोधली. म्हातारीच्या गालावरच्या शिरा दिसू लागल्या, मग डोळ्यांतलं पाणी. जळालेल्या खिडकीत शेवटी अंगण आलं, अंगणात दोरीवर वाळत घातलेला निळा कपडा आला. मागं गर्दी वाढत होती ते तिला माहीत नव्हतं. तिनं हात उचलले तेव्हा शंभरेक माणसं टाळ्या वाजवत होती.

 लॅबमध्ये, स्टुडिओत, कधी कुणी टाळी वाजवली नव्हती. रंग लावणाऱ्याचं काम दिसता कामा नये, हेच तर काम.

"हे महागड्यातलं आहे का?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही," ग्रॅहम हसून म्हणाला. "गोळे तेवढे वेगळे. सॉफ्टवेअर फुकटातलंच आहे."

आणि मग जी टाळी पडली ती आधीच्या दुप्पट होती. लोक तिच्या अंगावरून वाकून पडदा बघू लागले, कुठलं बटण, कुठला मेनू, फोटो काढू लागले. एकाचं कोपर तिच्या मानेला लागलं. त्यानं माफी मागितली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "हे आपोआप होतं का?"

तीन वाजता पुन्हा एकदा कराल का, असं ग्रॅहमनं विचारलं. ती हो म्हणाली. मधल्या वेळात ती बाहेर पायऱ्यांवर बसली, आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली जी आयुष्यात कधी शिरली नव्हती. चित्र बिघडवायचं. इतकं बिघडवायचं की बघणाऱ्यांनी तोंड फिरवावं, म्हणावं, हे काय, फुकटातलं म्हणजे असलंच असणार.

तीनला तीच म्हातारी, तीच खिडकी. गर्दी सकाळपेक्षा जास्त. रुक्सांद्रानं काळोखात हिरवा ओतला, शेवाळासारखा. कातडी नारिंगी केली, भाजलेल्या विटेची. खिडकी फाडून टाकली. म्हातारीचे डोळे काळे खड्डे झाले. तिचे हात गोळ्यांवर असे, जसं काही ती कुणाचा तरी गळा दाबतेय. तिनं हात उचलले आणि मागं वळून पाहिलं.

लोक थक्क झाले होते. सगळे मोबाइल वर होते.

"बाप रे," एकजण म्हणाला. "याला काय म्हणतात? या शैलीचं नाव काय?"

"हे जसंच्या तसं साठवून मिळेल का?" दुसऱ्यानं विचारलं.

टाळ्या चालू असतानाच रुक्सांद्रा खुर्चीवरून उठली.  ग्रॅहमनं तिला कोपराला धरून मांडवामागच्या अरुंद जागेत नेलं, पाणी दिलं. तिनं पर्समधून पत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा लावला आणि खरोखर सगळं वाचलं. खोडलेल्या सह्यांवरून त्याचं बोट हळूहळू खाली आलं.

"हे सात?"

"ते आता नाहीत."

"मेले?"

"नाही. बदलले."

त्यानं चष्मा काढला. "मी काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

"पुन्हा महाग करा," रुक्सांद्रा म्हणाली. मोठ्यानं ऐकल्यावर तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं, पण तिनं पुन्हा म्हटलं, "हात जोडते. महाग करा." आणि तिनं खरोखर हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिनं हात सोडले नाहीत.

ग्रॅहमनं पत्र घडी करून आतल्या खिशात ठेवलं. "मी हे वर देईन," तो म्हणाला. "पण तुम्ही दोन दिवस प्रवास करून आलात, म्हणून खोटं बोलत नाही. काही होणार नाही. तुमची सकाळची ती म्हातारी मी पाहिली. तीस वर्षांत तसं काम मी चार माणसांचं पाहिलंय. त्याचाही काही उपयोग होणार नाही." मग त्यानं तिला कंपनीचा सदरा दिला, चकचकीत लाल. दुसरं देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं.

परत आली तेव्हा खोलीच्या भिंतींना पांढरा रंग लागला होता. चार टेबलांवर चार मुलं होती, चांगली होती, तिला बघून उठून उभी राहिली. देखरेखीची खुर्ची दाराशी होती. रुक्सांद्रा त्या खुर्चीवर अकरा दिवस बसली. मुलं काही विचारत नव्हती. अडलं की इंटरनेटवर शोधत, आणि तिथं तिला ॲम्स्टरडॅमचं आपलंच हिरवं-नारिंगी चित्र दिसलं, कुणीतरी नाव देऊन टाकलेलं. पाऊण लाख लोकांनी ते बघितलं होतं. बाराव्या दिवशी ती गेली नाही.

हिवाळा तिनं कसा काढला ते तिनं कुणाला सांगितलं नाही. महिना महिना ती पडदे लावून पडून राहायची. शेजारणीनं दार ठोठावलं तर आतून "आहे मी" एवढंच म्हणायची. नेलूनं दोनदा शिकवणीला बोलावलं, म्हणाला, पोरांना आकड्यांच्या जमान्याच्या गोष्टी सांग, त्यांना मजा वाटते. तिनं फोन ठेवला.

फेब्रुवारीत तिची स्वतःची दाढ तुटली, म्हणून ती दातांच्या डॉक्टरकडे गेली. कवळ्या आणि खोटे दात बनवणारी बाई तिथंच मागच्या, उघड्या दाराच्या खोलीत बसायची, चिनीमातीचा दात हातात धरून, खऱ्या दातांच्या रंगाशी जुळवत. तिला जुळवता येत नव्हतं. तोंड उघडं टाकून बसलेली रुक्सांद्रा खुर्चीवरूनच हातानं खुणावू लागली. डॉक्टरनं तिच्या तोंडातलं हत्यार काढल्यावर ती म्हणाली, "पिवळा बरोबर आहे. मुळाशी राखाडी कमी पडतोय. आणि टोकाला किंचित निळा हवा, नाहीतर मेलेला दिसेल." मार्चपासून ती तिथं खिडकीशी बसू लागली. दिवसाला सात-आठ दात. बारीक ब्रशनं भट्टीआधी रंग द्यायचा, भट्टीतून निघाला की उन्हात धरून बघायचा. दात कुणाचा, तोंड कुणाचं, तिला माहीत नसायचं. आवडायचं असं नाही. पण सकाळी उठायला कारण होतं.

मे महिन्यात इलिंकाचा पाचवा सिनेमा लागला. निमंत्रण आलं होतं, तरी रुक्सांद्रा तिकीट काढून गेली आणि मागच्या रांगेत बसली. सिनेमा चांगला होता. आई आणि मुलगी स्वयंपाकघरात भांडतात तो प्रसंग तर फारच. पण आई बोलली की भिंत हिरवी, मुलगी बोलली की तीच भिंत पिवळी. आईचा चेहरा विटकरी, पुढच्या क्षणी पिठासारखा. रुक्सांद्राची बोटं मांडीवर आपोआप फिरू लागली. डावीकडची बाई हुंदके देत होती. पुढच्या रांगेतला दाढीवाला चष्मा काढून डोळे पुसत होता. अख्ख्या सभागृहात ती भिंत कुणाला दिसत नव्हती.

दिवे लागायच्या आधी ती बाजूच्या दारानं निघाली आणि ट्रामच्या थांब्यावर येऊन उभी राहिली. इलिंकाचा फोन आला.

"मागं बसलीस ते पाहिलं मी. पळालीस का?"

"गर्दी होती."

"कसा वाटला?"

"लोक रडत होते गं."

"आणि तू?"

"मी भिंत बघत होते."

 मग इलिंका म्हणाली, "कुठली भिंत?"

रुक्सांद्रानं सांगितलं. आई बोलताना हिरवी, मुलगी बोलताना पिवळी. चेहऱ्यांचं सांगितलं. 

"मला दिसलंच नाही," इलिंका म्हणाली. "शपथ. दोनशे वेळा पाहिलाय तो प्रसंग." मग तिनं विचारलं, "आधीच्या चार सिनेमांतही मला असं काही दिसत नव्हतं का, रुक्सा? तू दाखवल्याशिवाय?"

रुक्सांद्रानं ट्राम येतेय का ते वाकून पाहिलं.

"क्लुजच्या महोत्सवाला गुरुवारी प्रत जायचीय," इलिंका म्हणाली. "उद्या येशील? मातेई काही म्हणणार नाही. सॉफ्टवेअर आमच्याकडे आहेच, तू फक्त बसून ती भिंत नीट कर."

"उद्या नाही जमायचं," रुक्सांद्रा म्हणाली. "उद्या माझे सहा दात द्यायचेत."

ट्राम आली. फोन कानाशी तसाच धरून ती चढली, आणि इलिंका पलीकडून "कसले दात?" असं विचारत राहिली.